बॉल पूजेत आहे

तू पडलास तेव्हा आपण एका गोलने मागे होतो.

हाफ टाइमची शिट्टी झाली होती. पोरं बाकाकडे येत होती. मी मोसंबीच्या फोडींचं ताट उचललं आणि तू माझ्यासमोर गुडघ्यावर बसलास. मला वाटलं बुटाची नाडी सुटली. मग तू कुशीवर कलंडलास आणि तुझ्या तोंडावरचा रंगच गेला. फोडी गवतावर सांडल्या. डॉक्टर धावत आला, क्लबच्या सेक्रेटरीने आपली व्हॅन सरळ मैदानात आणली. चार जणांनी तुला उचललं तेव्हा तू माझा पदर धरलास.

"येते मी, सोड," मी म्हटलं.

"येऊ नको अक्का. तू इथं थांब. पोरांना सांग, बॉल पूजेत आहे."

डॉक्टर म्हणाला, ह्यांना भ्रम झालाय. भ्रम कसला! त्या मैदानावर तुझ्या ह्या बोलण्याचा अर्थ मला कळला आणि आपल्या पोरांना कळला, बाकी कुणाला कळायचं कारण नव्हतं. व्हॅन गेटातून बाहेर गेली. मी थांबले. सख्खा भाऊ दवाखान्यात नेला आणि ही बाई मॅच बघत उभी राहिली, असं समाजातल्या बायका अजून बोलतात. बोलू देत. त्यांना तू काही सांगितलं नव्हतंस, मला सांगितलं होतंस.

किट्टू, आपलं आयुष्यभराचं भांडण एकच. तू पुढं कुठं जायचं. बाकीच्या भावाबहिणींची भांडणं घरावरून होतात, दागिन्यावरून होतात. आपल्याकडे वाटून घ्यायला होतं काय? मल्लेश्वरममधल्या भाड्याच्या दोन खोल्या. त्यात मी लवकर विधवा होऊन परत आलेली, आणि आई गेल्यावर माझ्या गळ्यात पडलेला तू. मी चौथीपर्यंत शिकले, तू तर शाळेच्या मागच्या दारानं मैदानावर. तुला मारून मारून माझा हात दुखला, तुझे पाय काही दुखले नाहीत. त्या पायांवर तुला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात नोकरी लागली. सकाळी हजेरी, दुपारी प्रॅक्टिस. पुढं गुडघा गेला तर त्यांनी तुला कोच केलं, आणि तू त्यांना लीग जिंकून दिलीस. नोकरी पर्मनंट. घरी सुमतीसारखी बायको. माझ्या हिशेबानं इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण तुला भूक होती. ती मला पसंत होती, हे मी तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू आणखी चढला असतास.

तीन वर्षांपूर्वी नवरात्रात कलकत्त्याचा फोन आला. फोन कुठं आपल्याकडे? शेजारच्या वेंकटम्मांकडे. त्यांचा नातू जिन्यावरून ओरडला, "किट्टू मामा, कलकत्ता!" तेव्हा तू दाढी करत होतास. अर्ध्या तोंडाला साबण लावून पळालास. परत आलास तो साबण वाळलेला, आणि तोंड पडलेलं.

"काय म्हणाले?" सुमती म्हणाली.

"बोलावतायत. मोठा क्लब. दोन नंबरचा कोच."

"मग जा की," मी म्हटलं. "एवढं तोंड पाडायला काय झालं? लाख लाख माणूस मॅचला येतं म्हणतोस तिथं."

"येतं. आणि हरलो की चपला फेकतं."

"इथं हरलास तर मी फेकते. चपलेला भिणारा कधीपासून झालास?"

मग तू चहा घेत सांगितलंस. तिथं टीम कमिटी निवडते, कोचच्या हातात नावं येतात. त्यात तू दोन नंबरचा. म्हणजे मोठ्या कोचच्या पिशव्या उचलायच्या, मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडायचे, पोरांना पळवून आणायचं. गोव्याचाही एक क्लब विचारत होता. तिथली पोरं तयार, मालक चांगला, समुद्र. "पण त्यांना माझ्याशिवाय चालतंय अक्का," तू म्हणालास. मी म्हटलं, "चालतंय तिथंच पगार वेळेवर मिळतो." सुमती हसली. तू नाही हसलास.

"मग कारखान्यातच राहा."

"तिथं पोरगं पर्मनंट झालं की त्याचे पाय जड होतात. पोट पुढं येतं. मैदानावर प्रमोशनच्या गप्पा."

"तू पण पर्मनंट आहेस."

"म्हणून तर," तू म्हणालास, आणि कप ठेवून उठलास.

आपल्या घराण्याची दसऱ्याची रीत आता कुणाला माहीत नाही म्हणून लिहिते. आपले पूर्वज घोड्यावर बसून ह्या मुलखात आले, तेव्हापासून दसऱ्याला घरातला पुरुष वेस ओलांडून बाहेर जातो आणि बन्नीची, म्हणजे शमीची, पानं घेऊन येतो. ज्या दिशेला जाईल तिकडे त्याचं वर्षभराचं काम. बाबा आयुष्यभर चिकपेटेच्या दिशेला गेले, तिथंच गुमास्ते होते. आता गावाला वेस कुठली? जिथं पाहावं तिथं घरं. पण रीत ती रीत. त्या दसऱ्याला तू नवा शर्ट घातलास आणि मी सुमतीला म्हटलं, "स्टेशनकडे जाईल बघ. कलकत्ता."

तू परत आलास दिवस मावळताना. पानं सोनं म्हणून माझ्या हातावर ठेवलीस, पाया पडलास. तुझ्या बुटांना लाल माती होती. स्टेशनच्या वाटेवर लाल माती नाही.

"कुठं गेला होतास?"

"हलसूरच्या मैदानावर. तिथं कडेला बन्नीचं झाड आहे."

"आणि?"

"तिथला क्लब घेतला. काल कारखान्याला राजीनामा दिला."

हलसूरचा क्लब! त्या वर्षीच वरच्या डिव्हिजनमधून खाली पडलेला. गोलपोस्टला जाळं नाही, चांगले खेळाडू दुसरीकडे पळालेले, उरलेली पोरं दिवसा रंगकाम करणारी, मोटर गॅरेजवाली, एक अंड्याच्या दुकानातला. मी पानं ताटात आपटली. म्हटलं, "लोक वर चढायला नोकरी सोडतात. तू पडायला सोडलीस."

तू काय म्हणालास ते मी शब्दाला शब्द धरून ठेवलंय. "मोठ्या क्लबात जिंकलो तर क्लब जिंकला म्हणतील. कारखान्यात जिंकलो तर कारखाना. हलसूर जिंकलं तर विचारतील, कोच कोण."

मला वाटत होतं की तुझी भूक मेली. ती तर माझ्या अंदाजाहून मोठी निघाली. पण सुमती न्हाणीघरात जाऊन रडली, आणि मी तुझ्याशी महिनाभर कामापुरतंच बोलले. ते योग्यच केलं. बायकोला न विचारता राजीनामा देणाऱ्याशी आणखी काय बोलायचं असतं?

सुमतीनं शिवणाचा क्लास काढला. तू सकाळी खेळाच्या सामानाच्या दुकानात बसायचास, दुपारनंतर हलसूर. क्लबची खोली गळायची, म्हणून बॉल आपल्या घरी. माझ्या ट्रंकेच्या वर, जाळीच्या पिशवीत. घरभर चामड्याचा आणि चिखलाचा वास.

आणि मग पुढच्या वर्षी आली ती खंडेनवमी.

त्या दिवशी आपल्यात हत्यारं पूजतात. बंगळूरात सगळेच पूजतात, रिक्षावाले रिक्षा, गिरणीवाले गिरणी. मी सकाळी विळी, पावशी, सुमतीचं मशीन, बाबांची जुनी तलवार, सगळं धुऊन पुसून मांडलं. तुझं हत्यार काय? बॉल. म्हणून पिशवी सोडली, सगळे बॉल मांडले, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. पूजेतलं हत्यार दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत उचलायचं नाही, एवढं तर आपल्यातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तुझी दसऱ्यानंतर लगेच मॅच होती. जिंकलात तर वरच्या डिव्हिजनचा रस्ता मोकळा, हरलात तर आणखी एक वर्ष खाली. ते मला माहीत नव्हतं असं नाही. मॅच तुझी, पूजा माझी.

तू आणि मुनी बॉल न्यायला आलात. मुनी तुझा कॅप्टन, रंगकाम करणारा, उंच, हसला की सगळे दात दिसणारा. दारातच उभा राहिला.

"अक्का, बॉल?"

"पूजेत आहेत."

"सगळे?"

"एक ठेवायचा आणि बाकीच्यांचा अपमान करायचा का?"

तू आत आलास, देवापुढं बघितलंस. हार घातलेले बॉल ओळीनं. "अक्का, एक दे. फक्त एक. परवा मॅच आहे."

"हात लावून बघ," मी म्हटलं.

"अगं दुसऱ्या टीमा प्रॅक्टिस करतायत!"

"त्या टीमांना घरात मोठं माणूस नसेल."

मुनी मागून हळूच म्हणाला, "स्वल्प कुंकू पुसून नेऊ का अक्का? देवाला कळणार नाही." मी त्याच्याकडे असं बघितलं की तो जिना उतरून गेला. तू दात खाऊन म्हणालास, "आता करू काय मी पोरांना घेऊन? भजन?"

"तुझं डोकं पूजेत ठेवलं नाही मी," मी म्हटलं. "ते वापर."

त्या दुपारी काय झालं ते मला मुनीनं नंतर सांगितलं. तू पोरांना आपापल्या जागेवर उभं केलंस आणि म्हणालास, आज बॉल मी. मी जिथं जाईन तिथं बॉल आहे. मग तू मैदानभर चालायला लागलास, त्या मोडक्या गुडघ्यावर लंगडत, आणि पोरांनी बघायचं, कोच इकडे आला तर मी कुठं, शेजारचा कुठं, रिकामी जागा कुठं. आधी हसली सगळी. मग हसणं थांबलं. बॉल समोर असला की पोरगं बॉलच बघतं, त्याच्यामागं पळतं, कुत्र्यासारखं. बॉल नसला की त्याला माणसं दिसतात. अंधार पडेपर्यंत तू चाललास.

मॅच जिंकलात. हार घातलेल्या बॉलने, कुंकवाचा डाग असलेल्या. तू घरी येऊन म्हणालास, "तुझ्या हट्टामुळं मेलो असतो." मी म्हटलं, "माझ्या हट्टामुळं जिंकलास." ते भांडण आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. पण त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा तू बिनबॉलची प्रॅक्टिस घ्यायला लागलास, आणि पोरं त्याला नाव काय पाडतील? बॉल पूजेत आहे. दुसऱ्या टीमांचे लोक बघायला यायचे आणि वेडे म्हणून परत जायचे. मैदानावर पोरं बॉलमागं धावत सुटली की तू कडेवरून तेवढंच ओरडायचास, आणि ती भानावर यायची.

तर आता कळलं ना सगळ्यांना, भ्रम होता की नाही ते.

ह्या वर्षी वरच्या डिव्हिजनमधली शेवटची मॅच कुणाशी यावी? कारखान्याशीच. बरोबरी झाली तरी ते चॅम्पियन, आपल्याला जिंकणंच भाग. आणि स्टँडमध्ये कलकत्त्याच्या त्या क्लबचे घोषबाबू. मॅचआधी ते तुझ्याशी बोलले, मी शेजारीच मोसंब्या सोलत होते. ह्या वेळी एक नंबरचा कोच. टीम तू निवडायची, कमिटी बोलणार नाही. तीन वर्षांपूर्वी तू फोनवर हेच मागितलं होतंस तेव्हा ते हसले होते, तेच आता विमानानं घेऊन आले होते. तू म्हणालास, "दसऱ्याला सांगतो." घोषबाबू माझ्याकडे वळून म्हणाले, "दीदी, आपका भाई पागल है." मी म्हटलं, "ते इथं सगळ्यांना माहीत आहे."

त्याच खुशीत असशील तू. पहिल्या हाफमध्ये पोरं तशीच होती, डोकं फिरल्यासारखी बॉलमागं. तुझा घसा बसला ओरडून. मग तू पडलास.

व्हॅन गेली आणि पोरं माझ्याभोवती गोळा झाली. मुनी रडत होता, एवढा दांडगा. म्हणाला, "अक्का, नाही खेळत आम्ही. दवाखान्यात जातो."

"तुम्ही काय डॉक्टर आहात?" मी म्हटलं. "तो सांगून गेलाय. बॉल पूजेत आहे."

मुनीनं मान वर केली.

"ऐकू आलं का? बॉल नाही. आज किट्टू पण नाही. जागा आहेत. आपापल्या जागेवर उभे राहा. आणि तोंड पुसा, ते कारखानेवाले बघतायत."

मुनीनं जर्सीनं तोंड पुसलं. "सरी अक्का, बरं," म्हणाला.

किट्टू, मी पुष्कळ मॅची पाहिल्या, त्यातल्या निम्म्या मला कळल्या नाहीत. ही कळली. कारखान्याची पोरं धावत होती आणि आपली उभी होती. उभी म्हणजे, जिथं असायला हवं तिथं. बॉल त्यांच्या पायातून सुटला की आपल्या कुणाच्या तरी पायाशी येऊन थांबायचा, जसा काही ठरवून आलाय. पहिला गोल डावीकडच्या सेल्वमनं मारला, तोच तो अंड्याच्या दुकानातला. त्याच्या आसपास कोणी नव्हतं, सगळे बॉलमागं गेले होते. दुसरा अगदी शेवटी, मुनीनं डोक्यानं. मी नाचले नाही. ताट वाजवलं, ते खाली पडून चेपलं. घोषबाबू उभे राहून टोपी हलवत होते. कारखान्याचा तुझा जुना मॅनेजर माझ्याकडे आला आणि त्यानं हात जोडले. मीही जोडले. तो विचारणार तेच त्यानं विचारलं, "आता पुढं कुठं जाणार तो?"

दवाखान्यात तुला नळ्या लावल्या होत्या. सुमती पायाशी बसली होती. तू डोळे उघडलेस.

"किती?"

"दोन एक."

"दोन कुणाचे?"

"मूर्खा, आपले."

तू डोळे मिटून हसलास. ते हसणं मी बघितलं आणि सुमतीनं बघितलं, तिसऱ्या कुणाच्या वाट्याला आलं नाही. मग तुला दुसरा गोल पाहिजे होता, कसा झाला ते. मी स्टुलावर औषधाच्या बाटल्या मांडल्या, ही सेल्वम, ही मुनी, हा कप म्हणजे गोल. तू बघितलंस आणि कपाळाला आठी घातलीस. "सेल्वम इथं होता? इथं कशाला? त्यानं आणखी बाहेर पाहिजे होतं." जिंकलेल्या मॅचमध्ये चूक काढणारा तूच. सुमती म्हणाली, "आता तरी गप्प पडा हो."

पण तू गप्प पडलास तर तू कसला. "अक्का, ह्या दसऱ्याला स्टेशनकडे जाईन."

"हेच मी तीन वर्षांपूर्वी सांगत होते."

"तेव्हा गेलो असतो तर पिशव्या उचलत असतो."

"तरी तीन वर्षं आधी पोचला असतास."

"पोचलो असतो. पिशव्या घेऊन."

माझ्याकडे उत्तर होतं. तेवढ्यात नर्स आली आणि तिनं मला बाहेर काढलं. पहाटे तू गेलास. उत्तर माझ्यापाशीच राहिलं, ते आता देते. मी म्हणणार होते, पिशव्या उचलल्या असत्यास तरी छाती शाबूत राहिली असती. बरं झालं नर्स आली. कारण ते खरं आहे असं मला वाटत नाही. बाबा खुर्चीत बसून, कशाची हाव न धरता, तुझ्याहून लहान वयात गेले. छातीला काय, ती आपल्या घराण्याची. तू निदान ती वापरलीस.

आणि तुझं उत्तर बरोबर होतं, हेही लिहून टाकते. समोर असतास तर लिहिलं नसतं. मयतीला घोषबाबू थांबले होते. त्यांना एका पेपरवाल्यानं विचारलं, "हलसूरचा कोच कोण होता, शिकला कुठं?" हेच तुला विचारलेलं हवं होतं ना? कारखान्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. हलसूरचं घेतलं, आणि तुझं.

परवा खंडेनवमी झाली. यंदा घरात सण नाही, सुमतीनं मशीनलासुद्धा फूल वाहिलं नाही. बॉल माझ्या ट्रंकेवर मोकळे पडले होते, कुंकू नाही, हार नाही. मुनी येईल आणि नेईल म्हणून मी पिशवी दाराशी आणून ठेवली. तो आला, पिशवीकडे बघितलं आणि म्हणाला, "राहू दे अक्का. आज पूजेत आहेत."

"पूजा नाही यंदा."

"आमच्यासाठी आहे," म्हणाला.

मी म्हटलं, मग बॉल कोण होणार? तू तर नाहीस. तो म्हणाला, "तुम्ही चला."

गेले मी. गुडघे माझेही तुझ्यासारखेच. मैदानावर चालले, डावीकडे, मग मधून, मग गोलकडे, मनाला येईल तसं, आणि पोरं माझ्याभोवती सरकत राहिली. एकदा मी मुद्दाम गोलमध्ये जाऊन उभी राहिले तर सगळी हात वर करून ओरडली. सेल्वमला मी सांगितलं, आणखी बाहेर उभा राहा, किट्टूनं सांगितलंय. तो आणखी बाहेर गेला.

येताना कडेच्या झाडाची बन्नीची पानं घेतली. दसऱ्याची वाट बघितली नाही, आणि पुरुषानंच आणायची ही रीत मोडली. सुमतीच्या हातावर ठेवली.

त्या मॅचचा पहिला हाफ तू बघितलास. दुसरा मी बघितला.